तीन-चार बिया आणि सोन्याची पेटी

अकराव्या शतकातल्या सुंगकालीन चीनमध्ये ओउयांग श्यू या कवीने मेइ याओछेन या मित्राच्या कवितेला कवितेनेच उत्तर दिलं. विषय होता राजधानीतल्या एका सरदाराच्या वाड्यात धरलेल्या जिंकगोच्या बिया. खाण्याच्या वस्तूवरची ही कविता चवीबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि तरीही ती मला फार रसाळ वाटते.

कविता सुरू होते यांगत्झेच्या दक्षिणेला, या झाडाच्या मुलखात. लाल थैल्यांतून बिया नजराणा म्हणून उत्तरेत पोचतात आणि त्यांचा भाव वधारतो. मग हा हौशी सरदार नदीकाठची झाडं राजधानी काइफेंगला आणवतो. पहिल्या तोडणीला हाती येतात जेमतेम तीन-चार बिया. त्या सोन्याच्या पेटीतून बादशहाकडे जातात. दरबारातल्या बड्या मंडळींना त्या ओळखताही येत नाहीत, बादशहा मात्र घसघशीत बक्षीस देतो. मूठसुद्धा न भरणाऱ्या बिया आणि सोन्याची पेटी एवढं शेजारी ठेवून कवी पुढे सरकतो. कौतुक करायला तो थांबत नाही, म्हणूनच ते कौतुक मनात भरतं. त्या तीन-चार बियांमागची वाट पाहणंही तो सांगत नाही. बी पेरून वाढवलेला जिंकगो धरायला वीसेक वर्षं सहज घेतो. आजोबांनी लावावं आणि नातवाने खावं, असं हे झाड.

पुढे फांद्या लगडतात, मोत्यांसारखी भेट कवीलाही मिळते. आणि इथे कविता एकदम हजारभर वर्षं मागे उडी घेते. हान काळात झांग च्येन या राजदूताने पश्चिमेकडून द्राक्षं आणि डाळिंबं आणली, अशी परंपरा आहे. तेव्हा त्यांचंही मोल असंच असणार. आता ती कुंपणाकुंपणाला दिसतात. फळाचा गुण तोच राहिला, माणसांची ओढ तेवढी बदलली. माझ्या मते कवितेचा प्राण इथे आहे.

कवीने न सांगितलेली चव अशी: बाहेरचा गर कुजक्या लोण्यासारखा घाण मारतो, हाताला लागला तर खाज सुटते. तो धुऊन काढला की पांढरं टणक कवच, आत पातळ तपकिरी साल. भाजल्यावर गर हिरवट, तुकतुकीत, किंचित कडसर होतो. चीनमध्ये तो पेजेत घालतात, जपानमध्ये अंड्याच्या वाफवलेल्या चवानमुशीत. चिनी वैद्यकात बी दमा-खोकल्यावर देतात, तीही बेताने: तिच्यातलं विष शरीरातल्या बी-6 जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं, शिजवूनही पुरतं जात नाही, आणि जास्त खाल्ल्यास, विशेषतः लहान मुलांना, झटके येऊ शकतात.

आज मात्र जिंकगो म्हटलं की स्मरणशक्तीची गोळी आठवते. ती पानांच्या अर्काची. हा अर्क विसाव्या शतकात जर्मनीत घडला. 2008 साली अमेरिकेत 75 वर्षांवरच्या 3,069 जणांवरील चाचणीचा निष्कर्ष आला: या अर्काने स्मृतिभ्रंश टळत नाही. तरीही लोकांची ओढ बियांवरून पानांवर गेलीच.

शेवटी ओउयांग श्यू म्हणतो की आरंभाची नोंद राहिली पाहिजे, म्हणजे पुढच्यांना मूळ कळेल. हाही इतिहासकाराचाच रिवाज, नुसतं मित्राच्या गाण्याला गाणं जोडणं नव्हे. हे त्याच्या तोंडी शोभतं. थांग राजवटीचा जो नवा इतिहास 1060 साली पुरा झाला, त्याच्या कर्त्यांत तो होता.