नेपाळी अमूर्त चित्रकला आणि तिचा प्रेक्षक

१९६२ साली काठमांडूच्या सरस्वती सदनात लैनसिंह बांगदेल यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. नेपाळात अमूर्त चित्रे लोकांपुढे आली ती या प्रदर्शनापासून, असे सामान्यतः मानले जाते. बांगदेल जन्माने दार्जिलिंगचे. कलकत्त्याला चित्रकला शिकून ते लंडन व पॅरिस येथे राहिले आणि राजे महेंद्र यांच्या निमंत्रणावरून १९६१ मध्ये नेपाळला आले. तोवर नेपाळी वाचक त्यांना कादंबरीकार म्हणून ओळखत होता. त्यांच्या पहिल्या कादंबरीचे नाव 'मुलुकबाहिर'. परमुलखात पिढ्या काढलेल्या आम्हां मंडळींना त्या नावाचा अर्थ फोडून सांगावयास नको.

एकाच माणसाची कादंबरी आपली वाटावी आणि चित्र परके वाटावे, हे का? प्रेक्षकाचा डोळा तयार नव्हता, हे नेहमीचे उत्तर आम्हांस मान्य नाही. काठमांडू खोऱ्यातील डोळा शतकानुशतके तयार होत आला आहे. नेवार चित्रकारांनी कापडावर रंगविलेल्या पौभा चित्रात देवतेचा वर्ण, मुद्रा, आयुध, वाहन सारे ठरलेले असते. पाहणारा 'हे कोण?' असे विचारतो आणि चित्र त्याला उत्तर देते. अमूर्त चित्रापुढे तोच प्रश्न अनुत्तरित राहतो. तो प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, परंपरेनेच शिकविलेला आहे.

मंडल हे आमचे जुने अमूर्तच होय, असे एक समर्थन केले जाते. ते आम्हांस पटत नाही. मंडलातील प्रत्येक स्थानी कोणी ना कोणी देवता बसलेली आहे. तेथे भूमिती आहे, अनामिकता नाही. नव्या चित्राला जुन्याचा दाखला जोडून ते खपविण्यापेक्षा त्याचे नवेपण मान्य करणे अधिक प्रामाणिक होय.

दुसरी गोष्ट राजाश्रयाची. महेंद्रांनी डिसेंबर १९६० मध्ये निर्वाचित सरकार बरखास्त केले, पक्षांवर बंदी आली आणि पंचायत व्यवस्था सुरू झाली. अशा काळात कोणाविरुद्ध काहीही न बोलणारे चित्र सत्तेला अडचणीचे नव्हते. शासकीय आश्रयाची रीत आम्ही आयुष्यभर जवळून पाहिली आहे. अधिकाऱ्याला जे कळत नाही, त्यावर तो सहसा शेरा मारीत नाही! अर्थात बांगदेलांनी अमूर्ताचा आडोसा घेतला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती ओढ त्यांनी पॅरिसहूनच आणली होती. मात्र दरबाराने स्वीकारलेली कला लोकांनीही स्वीकारली, असा जो समज होतो, तो खरा नव्हे.

पुढे उत्तम नेपाली अमूर्ताकडे वळले. १९७१ साली चार तरुणांनी आपल्या नावांच्या आद्याक्षरांवरून 'स्किब-७१' हा गट काढला. सिराहा येथे १९३९ साली जन्मलेले लक्ष्मण श्रेष्ठ तर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले, पॅरिसला जाऊन आले आणि मुंबईतच स्थायिक झाले. त्यांच्या अमूर्त चित्रांना प्रेक्षक लाभला तो गायतोंडे आणि रझा यांची चित्रे पाहून सरावलेल्या शहरात.

स्वतः बांगदेलांनी मात्र नावांशी नाते तोडले नव्हते. देवकोटांच्या काव्यातील मुना-मदन त्यांनी रंगविले होते. उतारवयात तर त्यांनी नेपाळातून चोरीस गेलेल्या देवमूर्तींची छायाचित्रांसह नोंद करणारा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. पाटणच्या पाटको टोलातून १९८४ साली नाहीशी झालेली लक्ष्मी-नारायणाची मूर्ती त्यात आहे. ती अमेरिकेतील डॅलसच्या संग्रहालयात सापडली आणि २०२१ साली परत आली. त्या डिसेंबरात तिची मूळ देवळात पुन्हा स्थापना झाली, तेव्हा बांगदेलांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती.