पाटीवरील लिपी आणि भाषा

दुकानाची पाटी हा नित्य दिसणारा, परंतु क्वचितच अभ्यासिला जाणारा जाहिरातप्रकार होय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये जी दुरुस्ती झाली, तीनुसार नामफलक मराठी भाषेत, देवनागरी लिपीत असावा आणि त्यातील अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत. तथापि पनवेलच्या बाजारातही 'मोबाईल शॉपी'सारख्या पाट्यांत लिपी तेवढी मराठी झालेली आढळते. 'मोबाईल' हा शब्द आता मराठीत रुळला आहे, त्यास दोष देता येणार नाही. परंतु 'दुकान' असताना 'शॉपी' कशासाठी? अक्षरांची उंची मोजता येते, शब्दाची निवड मोजता येत नाही, हे यामागील कारण दिसते.

याउलट याच गावी १८७२ मध्ये स्थापन झालेल्या 'धूतपापेश्वर' या औषधी कारखान्याचे नाव पाहावे. संस्कृतात 'धूत' म्हणजे झटकून टाकलेले. मराठी कानास तेथे 'धुतलेले' ऐकू येते. कोणत्याही अर्थाने घेतले तरी पापाबरोबर रोगही गेल्याचे सूचन होते, आणि त्यासाठी वेष्टनावर अधिक शब्द लागत नाहीत. तेव्हा पाटीचे मूल्यमापन करताना तिच्यावरील शब्द वाचणाऱ्याशी काय बोलतो, हेही पाहिले पाहिजे. ते काम कायद्याचे नव्हे, भाषा वापरणाऱ्यांचे आहे.