नाव आणि संरक्षण : कोंबड्यांच्या श्वासनलिकादाह-विषाणूच्या वर्गीकरणाचे परीक्षण

कोंबड्यांच्या सांसर्गिक श्वासनलिकादाहाचे पहिले वर्णन १९३१ साली अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यातून शॉक व हॉन यांनी केले. मॅसॅच्युसेट्स व कनेक्टिकट हे विषाणुप्रकार परस्परांपासून संरक्षण देत नाहीत, असे १९५६ साली दिसून आले, आणि विविधतेचा प्रश्न उभा राहिला. पुढे नावांचा गोंधळ माजला. ४/९१ आणि ७९३-बी ही एकाच प्रकाराची दोन नावे होत.

हा गोंधळ मिटविण्यासाठी व्हॅलास्ट्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलेली पद्धती आज सर्वत्र प्रमाण मानली जाते. विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा बाह्य भाग घडविणाऱ्या एस-१ जनुकाच्या संपूर्ण अनुक्रमावरून त्यांनी सहा जनुकप्ररूपे व ३२ वंशशाखा निश्चित केल्या. प्रदेशाचे नाव टाकून क्रमांक देण्याचा हा निर्णय निःसंशय स्वागतार्ह होय. नव्या जनुकप्ररूपांची भर पुढे सहज पडली, यातच तिची उपयुक्तता दिसते.

आमचा आक्षेप या पद्धतीवर नसून तिच्या वापरावर आहे. सुमारे २७,६०० न्यूक्लिओटाइडांच्या जीनोमपैकी एस-१ चा वाटा जेमतेम सहा टक्के. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले असता प्रतिकृती करणारे विकर एका साच्यावरून दुसऱ्यावर जाते व संकर निर्माण होतो. अशा विषाणूचे एस-१ एका कुळाचे, तर उरलेला जीनोम दुसऱ्याच कुळाचा असू शकतो. एका जनुकाची वंशावळ ही विषाणूची वंशावळ नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक व्यावहारिक आहे. एस-१ प्रथिनात केवळ दोन-तीन टक्के अमिनो आम्लांचा फरक असूनही रक्तजलप्ररूप बदलल्याची उदाहरणे आहेत. उलट, कुक व सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखविले की, मॅसॅच्युसेट्स व ४/९१ या लसी क्रमाने दिल्यास अनेक भिन्न प्रकारांपासूनही श्वासनलिकेचे रक्षण होते. तेव्हा वंशशाखेच्या क्रमांकावरून लस निवडणे शास्त्रशुद्ध ठरत नाही.

भारतातील विषाणूंना जीआय-२४ ही स्वतंत्र शाखा लाभली आहे. त्या क्रमांकावर समाधान मानून थांबणे मात्र योग्य नाही. संपूर्ण जीनोमचे वाचन आणि लस दिलेल्या पक्ष्यांवर प्रत्यक्ष संसर्गाची परीक्षा, या दोन्हींची जोड मिळाल्यावाचून शाखेचे नाव हे केवळ नावच राहील.