उपाय सापडलेला माणूस

आचार्य अत्र्यांचं 'साष्टांग नमस्कार' बालमोहन नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं ते १९३३ साली. डेल कार्नेगीचं मित्र जोडायला शिकवणारं जगप्रसिद्ध पुस्तक निघालं १९३६ साली. म्हणजे आयुष्य सुधारून देणाऱ्या धंद्याची पोथी छापून येण्याआधीच मराठीत त्याची टिंगल करून झाली होती. हे प्रहसन आजोबांच्या पिढीचं म्हणून बाजूला ठेवलं असेल, तर एकदा उघडून बघा.

नाटकातल्या रावबहादूरांना एकच उपाय सापडलाय. रोग असो, घरातला पेच असो, घाला नमस्कार! त्यांच्या घरात प्रत्येकाचं वेड वेगळं: कुणाला ज्योतिष, कुणाला सिनेमा, कुणाला कविता. अत्र्यांची खरी करामत इथे आहे. ही माणसं एकमेकांशी भांडतात असं वाटतं, पण ती एकमेकांचं ऐकतच नाहीत. समोरच्याचा प्रश्न काहीही असो, प्रत्येकाचं उत्तर आधीच तयार. हसू त्या तयार उत्तराचं येतं. विनोद थोडा जाड आहे, काही कोट्या आज शिळ्या वाटतात. वेग मात्र अजून टिकून आहे.

त्या काळी सूर्यनमस्कार म्हटलं की औंध आठवायचं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे या व्यायामाचे मोठे प्रचारक. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली, आणि १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनहून निघालं. व्यायाम चांगलाच होता. अत्र्यांनी चेष्टा केली ती व्यायामाची नव्हे, तो दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याच्या हौसेची. मला तरी नाटक वाचताना हेच जाणवतं.

नाटकाचं नावच बघा. साष्टांग नमस्कार हा व्यायाम, आणि एखाद्याच्या पायावर लोटांगण घालणं म्हणजेही साष्टांग नमस्कार. रावबहादूर शिकवतात पहिला. त्यांना हवा असतो दुसरा. नमस्कार सूर्याला, पण समोर उभे ते स्वतः! शिवाय मराठीत 'लांबूनच नमस्कार' हा तिसरा अर्थ आहेच, तो प्रेक्षकांसाठी. नावातच सगळं प्रहसन मावलंय.

पण एका ठिकाणी हे नाटक आज अपुरं पडतं. रावबहादूर काही विकत नाहीत. त्यांचं वेड त्यांच्याच खर्चानं चालतं. ऐकणाऱ्याची फार तर पाठ दुखते. म्हणून त्यांच्यावर माया करता येते.

खारदांड्यात राहणाऱ्याला ही माया परवडत नाही. इथे कोळीवाडा संपतो न संपतो तोच कार्टर रोड सुरू होतो. एकीकडे सुकत घातलेली मासळी, दुसरीकडे समुद्राकडे पाठ करून मोबाइलसमोर बोलणारी माणसं: पहाटे पाचला उठा, नोकरी सोडा, मनाची ताकद ओळखा. बोलणं फुकट, कोर्सला पैसे. ते भरणारा बऱ्याचदा दांड्याच्या गल्लीतलाच पोरगा असतो. पहिल्या पगारातून भरतो आणि घरी सांगत नाही. शेअरबाजार शिकवण्याच्या नावाखाली 'बाप ऑफ चार्ट' चालवणाऱ्याला आणि त्याच्या साथीदारांना ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीनं १७ कोटी २० लाख रुपये वेगळ्या खात्यात जमा करायला लावले. इतके पैसे कोणी एका श्रीमंतानं दिलेले नसतात.

पुलंनी 'तुझे आहे तुजपाशी'त (१९५७) या जातीचा माणूस पुन्हा उभा केला. त्यांचे आचार्य रावबहादूरांपेक्षा खोल आहेत, कारण ते शेवटी आतून हलतात. आपण जगायचंच विसरलो, ही शंका त्यांना येते, आणि तिथे प्रेक्षागृह गप्प होतं. पण आजच्या गुरूला शंकाही चालते. तो कॅमेऱ्यासमोर रडतो, 'मीही खचलो होतो' म्हणतो, आणि खाली पुढच्या बॅचची लिंक असते. पुलंनी ज्याला शेवट मानलं, ती त्याची जाहिरात झाली. त्यामुळे या माणसावर नाटक लिहायचं तर आचार्यांपेक्षा रावबहादूरच कामाचे. त्यांना कधी शंका येत नाही, म्हणून त्यांना रडवून सुटताही येत नाही; लेखकाला शेवटपर्यंत हसवतच राहावं लागतं.

आज 'साष्टांग नमस्कार' करायला घेणारा दिग्दर्शक बहुधा रावबहादूरांच्या हातात सेल्फी स्टिक देईल. दोन टाळ्या मिळतील, बस. मी म्हणेन, त्याऐवजी एक पात्र वाढवा. बोलायला फारसं काही नको त्याला. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात कंबर धरून तो नमस्कार घालतोय, घरातले सगळे त्याला 'अरे, ऊठ' म्हणतायत, आणि तो उठत नाही, कारण त्यानं तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेत.