हत्तींचे कायदेशीर संरक्षण : एका तरतुदीची चिकित्सा

परवान्याविना पकडलेला हत्ती सरकारजमा करणारा १८७९ चा कायदा मुख्यतः मालकीचा विचार करीत होता. १९७७ मध्ये हत्ती वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आला. तरी मालकीची कल्पना प्रमाणपत्राच्या रूपाने टिकून राहिली. २००३ मध्ये कलम ४३ ने विक्री व व्यापारी मोबदल्यावरील हस्तांतरण निषिद्ध ठरविले. दान मात्र मोकळे राहिले, आणि दानपत्राआड दिलेली रोकड सिद्ध करणार कोण? २०२२ च्या दुरुस्तीने तर प्रमाणपत्रधारकास धार्मिक वा 'अन्य कोणत्याही' प्रयोजनासाठी हस्तांतरणाची वाट दिली. हे शब्द अपवादालाच नियम बनवितात. २०२४ च्या नियमांनी जनुकीय नोंद आवश्यक केली, हे स्वागतार्हच. परंतु ती हत्तीची ओळख पटविते, उगम नव्हे. मूळ प्रमाणपत्रच खोटे असल्यास रानातून चोरून पकडलेले पिल्लूही तिच्या आधारे वैध भासू शकते.