संरचनेचे स्थलांतर : मास्तर, तराळ आणि ग्राफ

एका संहितासमूहावरून सिद्ध केलेले संरचनेचे प्रारूप अपरिचित संहितांना कितपत लागू पडते, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. प्रॉपने १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांवरून मांडलेले कार्यघटक पुढे अन्य संस्कृतींतील कथांनाही लावले गेले. फ्रँको मोरेत्ती यांनी २०११ मध्ये ‘हॅम्लेट’मधील पात्रसंबंधांचे जाळे रेखाटले. पात्र म्हणजे बिंदू, संबंध म्हणजे रेषा. असे ग्राफ वाचायला आता संगणकाला शिकवले जाते आणि एका क्षेत्रात शिकलेले ज्ञान त्याने न पाहिलेल्या क्षेत्रातही वापरावे, अशी अपेक्षा धरली जाते.

या अपेक्षेची परीक्षा आटपाडी तालुक्यातील दोन संहितांवर घेता येईल. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) वाडीचे अनेक व्यवहार तरुण मास्तरांच्या हातून जातात. शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये (१९८१) गावकीचा निरोप वाहणारा तराळ म्हणजे लेखकाचा पिता. ग्राफ काढला तर मास्तर आणि तराळ या दोघांचे स्थान जवळजवळ एकच दिसेल : ज्याच्यावाचून इतरांचे संबंध जुळत नाहीत असा मध्यस्थ बिंदू. परंतु मास्तरांना या मध्यस्थीतून विश्वास आणि अधिकार मिळतो, तर तराळाची मध्यस्थी जन्माने लादलेली आहे. विहिरीतले प्रेत काढण्यासाठी पित्याला उतरावे लागते, त्या प्रसंगी सत्ता आणि तराळ यांच्यातील रेषा ही निव्वळ हुकमाची रेषा असते.

येथील अडचण केवळ तपशिलाची नाही. किप्फ आणि वेलिंग यांच्या २०१७ च्या सुप्रसिद्ध पद्धतीत प्रत्येक बिंदू शेजारच्या बिंदूंचे गुण स्वतःत मिसळून घेतो. संदर्भांनी जोडलेले शोधनिबंध बहुधा एकाच विषयाचे असल्याने तेथे ही पद्धत फलदायी ठरते. तिच्या मुळाशी साजात्याचे गृहीतक आहे. गावगाड्यात मात्र रेषा विजातीयांना जोडते आणि जोडतानाच त्यांच्यातील अंतर टिकवते. तराळाचा संबंध प्रत्येक घराशी येतो, पण कोणत्याही घरात त्याला प्रवेश नाही. शेजाऱ्यांची सरासरी काढली, तर तो पाटलासारखा दिसू लागेल!

अर्थात या शास्त्राने रेषांचे प्रकार वेगळे मानण्याचे आणि विजातीय शेजार हाताळण्याचे मार्गही शोधले आहेत. अपरिचित क्षेत्रासाठी बिंदूंची वर्णने भाषेत लिहून ती एका समान अर्थावकाशात आणण्याचा प्रयत्नही होतो. पण मग प्रश्न पुन्हा भाषेपाशीच येतो. ‘तराळ’ याचे वर्णन ‘निरोप्या’ असे केले, की तो ग्रीक देवदूताच्या पंगतीत जाऊन बसतो आणि त्याची अस्पृश्यता वर्णनातून गळून पडते. रेषेला नाव देणारा तो गाव आधीच वाचून बसलेला असतो.

म्हणून अशी प्रारूपे त्याज्य ठरत नाहीत. मास्तर आणि तराळ यांचे रूपसाम्य त्यांनीच लख्खपणे दाखवले, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या साम्याला अर्थसाम्य समजण्यापूर्वी प्रत्येक रेषा कोणी, कोणत्या बळावर ओढली आहे, हे संहितेतूनच तपासावे लागेल. मराठी समीक्षेने हे काम संगणकशास्त्रावर सोपवून चालणार नाही.