पाठवतं कोण, मागतं कोण?

मागच्या भागात आपण इंटरनेटची जाळी एकमेकांना कशी जोडतात ते पाहिलं. रिवाज साधा आहे: तुमचा डेटा आम्ही घेतो, आमचा तुम्ही घ्या, पैसे कुणीच मागायचे नाहीत. अट एकच, देवाणघेवाण साधारण सारखी हवी. आज आपण या अटीचीच तपासणी करू.

नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या लेव्हल थ्रीला नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पोचवण्याचं काम मिळालं. लगेच कॉमकास्टने पैसे मागितले. तुम्ही आम्हाला आमच्या पाचपट डेटा पाठवणार, हे त्यांचं कारण. लेव्हल थ्रीने अन्याय म्हणून ओरड केली. पण २००५ मध्ये याच लेव्हल थ्रीने असमान वाहतुकीचं कारण देऊन कोजंटशी असलेला जोड तोडला होता! म्हणजे तत्त्व कुणाचंच नाही. ज्याचं पारडं जड, त्याचा नियम.

आता मुद्दा बघा. सिनेमा नेटफ्लिक्स आपणहून पाठवत नाही, घरचा ग्राहक तो मागवतो. मागणी एवढीशी, सिनेमा केवढा तरी मोठा. घरगुती कनेक्शन विकतानाच डाउनलोडचा वेग जास्त ठेवतात. म्हणजे जी असमानता कंपनी स्वतः विकते, तिचाच दंड ती दुसऱ्याकडून मागते.

खर्च खोटा आहे असं आपण म्हणत नाही. गर्दीच्या वेळेसाठी पोर्ट वाढवावे लागतात, त्याला पैसा लागतो. पण हा खर्च गर्दीच्या प्रमाणात वाढतो. डेटा कुठल्या बाजूने आला, यावर तो ठरत नाही. शिवाय ग्राहकाने महिन्याचं बिल भरलेलं असतंच. तरीही फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने कॉमकास्टला पैसे द्यायचं कबूल केलं, कारण कॉमकास्टच्या ग्राहकापर्यंत शेवटचा रस्ता कॉमकास्टचाच.

दक्षिण कोरियात २०१६ पासून नियमच झाला: जास्त पाठवणाऱ्या जाळ्याने पैसे द्यायचे. ट्विचने तिथलं नेटवर्क शुल्क इतर बहुतेक देशांच्या दहापट असल्याचं सांगितलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. नुकसान शेवटी प्रेक्षकांचं झालं.

आपल्याकडेही २०२३ मध्ये दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने मोठ्या व्हिडिओ कंपन्यांकडून ‘न्याय्य वाटा’ मागितला. ही मागणी पुन्हा आली, तर आपण एवढंच विचारावं: हा खर्चाचा हिशेब आहे, की नाक्यावर बसून घेतलेली जकात?